जुळत नसलेला चेहरा

लिंबायत, सुरत
९ जून २०२४

सुवर्णा,

पाकिटाच्या मागे माझं नाव घातलेलं नाही. घातलं असतं तर तू न फोडताच परत पाठवलं असतंस. तू माझा नंबर बंद केलास त्याला चार महिने झाले. पिंपळनेरचा पत्ता तुझ्या आईनेच, कलाकाकूने दिला. तीनदा मागितला तेव्हा दिला, आणि म्हणाली, "लिख. पन तिले रडावू नको."

कलाकाकू बरी आहे. गुडघा दुखतो म्हणून जिना उतरत नाही. मी मिलमधून आले की तिचं पाणी भरून ठेवते. उपकार म्हणून सांगत नाही हे. शाळेतून आल्यावर मी आधी तुमच्याच घरी जेवायचे, मग आमच्या.

आमचंही बरं चाललंय. म्हणजे पांझरा पार्टीचं. धर्मेंद्रदादाने नवा कॅसिओ घेतला, आनंदाभाऊची ढोलकी जुनीच. तुझं हळदीचं गाणं बेचाळीस लाख वेळा पाहिलं गेलं. रिक्षात वाजतं, मांडवात वाजतं, पांडेसऱ्याला आमच्या मिलच्या कँटीनमध्येही वाजतं. आता लोकांना नावसुद्धा वाचावं लागत नाही. रामा रंग दिसला की पांझरा पार्टी. हिरवा आणि निळा यांच्यामधला तो शेड मी मिलच्या शेडकार्डातून शोधला होता, तू तेव्हा शेजारीच बसली होतीस. व्हिडिओच्या पहिल्या पाच सेकंदांत तोच रंग, पोस्टरवर तोच, टेम्पोच्या बॅनरवर तोच, आनंदाभाऊच्या शर्टावरही तोच. एकच रंग, एकाच वळणाचं अक्षर, खाली नदीची एकच रेघ. आणि एकच चेहरा.

त्या चेहऱ्याबद्दलच लिहायचं होतं. व्हिडिओत तुझ्या जागी स्नेहाला उभं करायचं हे दादाच्या डोक्यातून निघालं. एकदा त्याच्या मनात आलं की तो कुणाचं ऐकत नाही. मी अडवायला हवं होतं, अडवलं नाही. तेवढी चूक माझी, ती मी कबूल करते. चलथाणच्या कार्यक्रमात तू गाणं अर्ध्यावर सोडून निघून गेलीस, त्याबद्दल इथे कुणीही तुला बोल लावत नाही.

दिवाळीनंतर लग्नं सुरू होतील. नवी चार गाणी लागतील. तू गेल्यावर दोन मुलींकडून गाऊन घेतलं, पण लोक खाली लिहितात, पहिला आवाज कुठे गेला? तू दोन दिवस येशील का? उधन्याच्या स्टुडिओत फक्त रेकॉर्डिंग. स्टेज नाही, पडदा नाही, तुला कुणासमोर यावं लागणार नाही.

लिहून झाल्यावर वाचलं आणि लाज वाटली. पण खोडत नाही.

तुझी,
रुपाली


लिंबायत
७ जुलै २०२४

सुवर्णा,

उत्तर आलं नाही. कसं येणार? माफी मागायला बसले आणि काम सांगून उठले.

गेल्या शनिवारी नवागामला एका साखरपुड्याला गेलो होतो. जेवणं झाल्यावर एका म्हातारीने स्नेहाची हनुवटी धरली. "बेटा, ते हळदनं गानं म्हन. एकच ओळ म्हन." स्नेहा हसली. म्हातारी सोडेना, मग चारजणी आणखी जमल्या. स्नेहा म्हणाली, घसा बसलाय. येताना टेम्पोत ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. "दीदी, सब बोलते हैं गाओ, गाओ. मैं कहाँ से गाऊँ? मेरी मम्मी को भी लगता है मैं ही गाती हूँ."

वाईट मुलगी नाही ती, सुवर्णा. एकोणीस वर्षांची आहे. साड्यांच्या फोटोंसाठी उभी राहायची, तिथून मी तिला आणलं.

हो, मी आणलं. मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं.

पहिल्या व्हिडिओच्या वेळी तुझ्या डाव्या डोळ्याखाली तिळाएवढा पांढरा डाग होता. दुसऱ्याच्या वेळी तो गालावर उतरला. तिसऱ्याच्या वेळी ओठाच्या कडेला पोहोचला आणि हातांवरही डाग आले. मी तिन्ही व्हिडिओंची चित्रं शेजारी शेजारी ठेवून बसले होते. आमच्या कामात फूल एकदा काढतात आणि तेच सबंध साडीवर फिरवतात. जोड कुठे दिसता कामा नये. दिसला तर मास्तर डिझाइन परत पाठवतो. तुझ्या चेहऱ्याकडे मी त्याच नजरेने पाहत होते.

दादाला म्हटलं, "चेहरा जुळत नाही."

तो म्हणाला, "काय जुळत नाही? तिन्हीत सुवर्णाच आहे ना?"

"ब्रँड असा होत नाही, दादा."

त्याला तो शब्द नीट कळलाही नव्हता. मी शिकलेली, म्हणून त्याने मान डोलावली. मग मी कॉम्प्युटरवर तुझ्या कपाळाचा रंग उचलला आणि गालावरचे, ओठावरचे, हातावरचे डाग एकेक करून भरून टाकले. पाऊण तास लागला. तू चहा घेऊन मागे येऊन उभी राहिलीस ते मला कळलंच नाही. तू म्हणालीस, "छान दिसते गं. कोण ही?"

मला वाटलं थट्टा करतेस. मी हसले. वळून पाहिलं तर तू हसत नव्हतीस.

त्यानंतर तीन दिवसांनी मी स्नेहाला घेऊन आले. पहिली तिन्ही गाणीही तिच्यावर पुन्हा चित्रित केली. तुला म्हटलं, तुझ्या आवाजाला तोड नाही, चेहऱ्याचं तेवढं आमच्यावर सोड. तू म्हणालीस, चालेल. लहानपणापासून तू प्रत्येक गोष्टीला चालेलच म्हणायचीस. मला ते सोयीचं होतं.

आणि चलथाण. साखर कारखान्याच्या बाजूचं ते मैदान, संध्याकाळचे सहा वाजलेले. स्नेहा पुढे बंद माइक धरून उभी, तू रामा रंगाच्या पडद्यामागे खुर्चीवर. तुझी सावली दिसू नये म्हणून जाड कापड मीच निवडलं होतं. दुसऱ्या कडव्यात तू थांबलीस. स्नेहाचे ओठ तसेच हलत राहिले. आधी पुढच्या रांगा हसल्या, मग सगळं मैदान. मी धावत मागे आले, तर खुर्चीवर नुसता माइक.

इथून पुढचं तुला माहीत नाही. मी आधी तुला शोधलं नाही. आधी साउंडवाल्याला खूण केली की रेकॉर्ड केलेलं गाणं लाव. ते सुरू झालं, लोक शांत झाले, स्नेहाचे ओठ पुन्हा जुळले. मग मी तुला शोधायला हायवेवर आले. तोवर तू गेली होतीस.

हे मी दादालाही सांगितलेलं नाही.

रुपाली


लिंबायत
२५ ऑगस्ट २०२४

सुवर्णा,

मी एक गोष्ट केली आहे आणि ती तुला माझ्याकडूनच कळावी म्हणून घाईने लिहिते.

तिसऱ्या गाण्याच्या तालमीचं एक चित्रण माझ्याकडे होतं, आनंदाभाऊच्या गच्चीवरचं. तू चटईवर बसली आहेस, केस वाऱ्याने तोंडावर येतायत, डाग जसेच्या तसे, आणि तू डोळे मिटून गातेस. मी काही पुसलं नाही, काही भरलं नाही. बुधवारी ते चॅनेलवर टाकलं. वर लिहिलं, 'आमची खरी सुवर्णा'. सगळ्या अकरा गाण्यांखाली तुझं नाव घातलं. चार दिवसांत नऊ लाख लोकांनी पाहिलं!

लोक काय काय लिहितायत. नंदुरबारची एक बाई लिहिते, माझ्या मुलीलाही कोड आहे, ती तुमचं गाणं लावून आरशासमोर उभी राहते. काही घाणेरडंही लिहितात, ते मी लगेच काढून टाकते. दादाने स्वतःहून टेम्पोचं बॅनर बदललं, त्यावर आता तूच आहेस. स्नेहाने काम सोडलं. जाताना म्हणाली, दीदी, आता झोप लागेल. कलाकाकूच्या दारात बायका पेढे घेऊन येतात.

जे उलटं झालं होतं ते मी सरळ केलं, एवढंच. आता तरी नंबर सुरू कर. एकदा बोल.

तुझीच,
रुपाली


पिंपळनेर
१९ सप्टेंबर २०२४

रुपाली,

तुझी तिन्ही पत्रं मिळाली. पहिली दोन वाचून मशीनच्या खणात ठेवली. उत्तर देणार नव्हते. तिसऱ्यामुळे द्यावं लागतंय.

मी मावशीच्या दुकानात ब्लाऊज शिवते. सात महिन्यांत इथे मला सगळे ब्लाऊजवाली म्हणायला लागले होते. बायका यायच्या, गळा खोल हवा की उथळ, बाही किती, एवढंच बोलायच्या. माझे डाग बघून बघून त्यांना ते दिसेनासे झाले होते. मलाही.

आता दुकानासमोर मोटरसायकली थांबतात. पोरं खिडकीतून मोबाइल धरतात, "ती हीच ना?" मी सुईत दोरा ओवत होते तेव्हा एकाने नुसत्या माझ्या हातांचा व्हिडिओ काढला. एक बाई आत येऊन माझा हात धरून रडायला लागली, म्हणाली, तुम्ही आमच्यासाठी लढताय. मी हूक लावत होते गं. महिला मंडळाला माझा सत्कार करायचाय. मावशी अर्धं शटर पाडून बसते. गिऱ्हाइकं बाहेरूनच परत जातात.

डाग पुसलेस तेव्हा मला विचारलं नव्हतंस. जगाला दाखवलेस तेव्हाही विचारलं नाहीस. आणि दाखवलेस तेही भोवती तुझ्या रामा रंगाची चौकट मारून, खाली नदीची रेघ ओढून. दोन्ही वेळा मला सारखंच वाटलं.

चलथाणला मी रागाने उठले असं तुम्हा सगळ्यांना वाटत असेल. तसं नव्हतं. दुसऱ्या कडव्याआधी श्वास घ्यायला थांबले, तर पडद्यापलीकडे लोक टाळ्या वाजवत होते, शिट्या मारत होते. ते कुणासाठी, ते मला कळेना. हे गाणं कोण म्हणतंय तेच कळेना. आणि पुढचे शब्द आले नाहीत. तेव्हापासून आलेले नाहीत. मशीनवर बसल्यावर गुणगुणतसुद्धा नाही. घशापर्यंत येतं आणि तिथेच राहतं.

आईचं तू बघतेस ते मला ठाऊक आहे. ते मी कधी विसरणार नाही. लिहू नकोस असं म्हणत नाही. पण कामाचं असेल तेवढंच लिही.

सुवर्णा


लिंबायत
६ ऑक्टोबर २०२४

सुवर्णा,

कामाचंच लिहिते.

तुझं पत्र मिळालं त्याच दिवशी गच्चीवरचा व्हिडिओ काढून टाकला. टेम्पोचं बॅनर उतरवलं. इतरांनी उचलून जे पसरवलंय ते माझ्या हातात नाही. जिथे जिथे दिसलं तिथे काढा म्हणून लिहिलं. काहींनी काढलं, काहींनी नाही.

आता तुझ्या आवाजातली अकरा गाणी चॅनेलवर उरली आहेत. चित्रात स्नेहा, खाली तुझं नाव. ती कशी ठेवायची? नावासकट, नावाशिवाय, की काढून टाकायची? हे विचारायला दोन वर्षं उशीर झालाय. सोबत माझा पत्ता लिहिलेलं कार्ड ठेवलंय. एक शब्द पुरे.

या वेळी तुला लिहिण्याआधी दादाशी आणि आनंदाभाऊशी बोलले. आम्ही तिघं गच्चीवर बसलो होतो. दादा म्हणाला, "आवाज तिचा, मान्य. पण ढोलकी आनंदाची आहे, चाली मी बांधल्या. बारा वर्षांची पार्टी आहे ही. ती काढ म्हणाली तर आम्ही कुठे जायचं?"

आनंदाभाऊ ढोलकीची दोरी आवळत होता. मान वर न करता म्हणाला, "तिना गळा शे, धर्मा. ती सांगी तसं."

दादा खाली निघून गेला. त्या दिवशी जेवला नाही.

हे तुला कळवावं की नाही, माझं ठरत नव्हतं. लपवलं तर पुन्हा लपवल्यासारखं, सांगितलं तर तुझ्यावर ओझं. सांगितलं. पण तू ते मनावर घेऊ नकोस. तुला जे वाटतं तेच लिही.

रुपाली


लिंबायत
१७ नोव्हेंबर २०२४

सुवर्णा,

कार्ड मिळालं. 'सगळी काढ. तुझ्याजवळची पण.' तुझं अक्षर अजून शाळेतल्यासारखंच आहे, गोल गोल.

आज काढली. दादाला आधी कार्ड दाखवलं. त्याने दोनदा वाचलं, परत माझ्या हातात दिलं. "मी घरात नसताना कर," म्हणाला आणि चपला घालून निघून गेला.

दुपारी दार लावून बसले. प्रत्येक गाणं आधी शेवटपर्यंत ऐकलं, मग काढलं. हळदीचं सर्वांत शेवटी. प्रत्येक वेळी पडद्यावर येत होतं, नक्की काढायचं का? मी हो दाबत गेले. नंतर मिलच्या कॉम्प्युटरमधून आणलेल्या डिस्कवरचं काढलं, पेनड्राइव्हवरचं काढलं, शेवटी मोबाइलमधलं. मोबाइलमध्ये तालमीचा एक तुकडा होता. त्यात तू गातही नव्हतीस, सूर लागत नाही म्हणून हसत होतीस. तो ठेवावा असं वाटलं. कुणाला कळलं नसतं. ठेवला नाही.

त्या दोन मुलींकडून गाऊन घेतलेलंही काढलं, आता चॅनेलवर नुसतं नाव आणि रंग आहे. तेही मी आठवड्याभरात बंद करेन. दोन लग्नांच्या लोकांनी दुसरी पार्टी ठरवली. एका ठिकाणी दादा आणि आनंदाभाऊ नुसतं वाजवणार आहेत, गाण्याशिवाय. दादा माझ्याशी बोलत नाही. ताट वाढलं तर उठून जातो, मी आत गेले की येऊन जेवतो. त्याचा राग खरा आहे. त्याने तेव्हाच विचारलं होतं, तिन्हीत सुवर्णाच आहे ना, आणि मीच त्याला गप्प केलं होतं. म्हणून मी त्याला काही म्हणत नाही. स्नेहा भेटली होती. तिने आईला खरं सांगितलं. आई दोन दिवस रागावली, मग तिच्या केसांना तेल लावून दिलं म्हणे.

इथपर्यंत कामाचं होतं. पुढचं कामाचं नाही, तरी लिहिते. नको असेल तर इथेच पत्र मिटव.

गाणी काढून झाली आणि चार वाजता कलाकाकूने हाक मारली. दर रविवारी या वेळेला ती साड्यांना टिकल्या लावत बसते आणि मी माझा मोबाइल तिच्यापुढे ठेवते. तिचा फोन साधा, त्यात काही वाजत नाही. तू गेल्यापासून एकही रविवार चुकला नव्हता. आणि दुपारपासून इतकं सगळं करताना हे एकदाही माझ्या डोक्यात आलं नाही.

"रुपाली, मनी पोरनं गानं लाव."

मी तिच्यासमोर जाऊन बसले. म्हटलं, "काकू, गाणं नाही आता."

"बिघडनं का?"

"नाही. सुवर्णाने काढायला सांगितलं. मी काढून टाकलं."

तिने गोंदाची नळी खाली ठेवली. मग म्हणाली, "मंग बरं करं तू." पुन्हा नळी उचलली, दोन टिकल्या लावल्या. तिसरी वाकडी लागली, ती नखाने काढत बसली. ती काढता काढताच म्हणाली, "पन तिना आवाज कसा शे, ते मी आते इसरी जासू."

मी म्हटलं, "असं कसं विसरशील? फोनवर बोलता ना तुम्ही?"

तेव्हा मला कळलं. फोन मावशी करते. खुशाली मावशी विचारते, मावशीच सांगते. तू शेजारी बसलेली असतेस, पण बोलत नाहीस. काकू म्हणाली, तिकडून मशीन वाजत असते, त्यावरून कळतं तू आहेस. मशीन थांबलं की तिला वाटतं आता बोलशील. मग मावशी ठेवते म्हणते.

नऊ महिने हे चाललंय आणि काकूने मला सांगितलं नव्हतं. मीही कधी विचारलं नव्हतं.

तुला गायला सांगत नाही. ते मी आता कधीच सांगणार नाही. शब्द येत नाहीत म्हणालीस, ते मला समजतं, म्हणजे माझ्यामुळे झालं आहे एवढं समजतं. पण आईशी बोलायला मोठे शब्द लागत नाहीत. आज किती ब्लाऊज शिवले ते सांग. कुणाची बाही चुकली ते सांग. नुसतं हूं म्हणालीस तरी ती ऐकेल. टिकल्या लावता लावता ऐकेल.

काकूच्या नि आमच्या खोलीमधली भिंत पातळ आहे, तुला माहीतच आहे. तिकडचा शब्द न् शब्द इकडे येतो. म्हणून पुढच्या रविवारपासून चार वाजले की मी दादाच्या नि माझ्या खोलीला कुलूप लावून खाली उतरेन आणि पाचच्या आत वर येणार नाही. तू फोन केलास की नाही, हे मी काकूला विचारणारही नाही.

रुपाली